पाहुण्यांच्या खोलीतली खोकी

प्रताप गायधनी नेमकं काय काम करतो, हे दोह्यातल्या मराठी मंडळींना बरीच वर्षं कळलं नव्हतं, आणि त्याच्या नाशिकच्या सासऱ्यांना तर अजूनही कळलेलं नाही. तेल म्हटलं, गॅस म्हटलं, बांधकाम म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. प्रताप म्हणायचा, "सेमीकंडक्टर." समोरचा समजल्यासारखी मान डोलवायचा आणि जेवणं आटोपली की आतून बंद पडलेला रिमोट घेऊन यायचा. चिपा बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसाला साधा रिमोट दुरुस्त करता येत नाही, हे कुणाला पटायचंच नाही. प्रताप बिचारा सेल काढायचा, पुसायचा आणि परत घालायचा. बऱ्याचदा तेवढ्यानेच रिमोट चालू व्हायचा, आणि गैरसमज आणखी पक्का व्हायचा.

खरी गोष्ट अशी, की प्रतापने चिप बनताना धड पाहिलीही नव्हती. त्याची कंपनी अवाढव्य. तिचे कारखाने कुठल्या कुठल्या देशांत पसरलेले, आणि त्यांत डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे चढवलेली माणसं धुळीचा कण शिरू न देणाऱ्या खोल्यांमध्ये काम करतात. नोकरीला लागला तेव्हा ट्रेनिंगला नेऊन ते सगळं त्याला काचेपलीकडून दाखवलं होतं. त्यातली त्याला आठवते ती पांढऱ्या कपड्यांतल्या एका माणसाची पाठ. आणि दोह्यात, जिथे बंद खिडकीतूनसुद्धा रेती आमटीपर्यंत पोचते, तिथे या कंपनीचं ऑफिस म्हणजे वेस्ट बेमधल्या काचेच्या टॉवरात अर्धा मजला, तीन माणसं आणि एक कॉफीचं मशीन. ज्यांच्या यंत्रांत कंपनीच्या चिपा बसतात त्यांना किती लागतील ते विचारायचं, ते सिंगापूरच्या वरच्या ऑफिसला कळवायचं, आणि सिंगापूर जे म्हणेल ते जरा गोड करून इथे सांगायचं, एवढं प्रतापचं काम. पगार चांगला होता. नमिताला, म्हणजे त्याच्या बायकोला, कामाबद्दल एवढी माहिती पुरेशी होती.

वर्ल्ड कप जवळ येत चालला होता आणि सगळं शहर उकरून ठेवलेलं होतं. काल होता तो रस्ता आज नसायचा. जे काही उभं राहत होतं, दिवे, लिफ्ट, स्टेडियम गार ठेवणारी यंत्रं, पार्किंगचे बोर्ड, त्या सगळ्यात कुठे ना कुठे एक नखाएवढी चिप लागायची आणि ती बिनबोभाट मिळायची. म्हणूनच प्रतापला कुणी विचारत नसे. मग दोन हजार एकवीस उजाडलं आणि जगभर चिपांचा दुष्काळ पडला. तो का पडला ते प्रतापने दोह्याच्या मराठी मंडळाच्या झूमवर स्लाइडी लावून समजावलं, तेव्हा बहुतेक मंडळी कॅमेरा बंद करून जेवत होती. पण नवीन गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतंय आणि त्याचा आपल्या प्रतापशी काहीतरी संबंध आहे, एवढं मात्र सगळ्यांना नीट कळलं.

त्या वर्षी प्रतापने भाव खाल्ला, आणि का खाऊ नये? जन्मभर रिमोटचे सेल पुसले होते त्याने. आता मोठमोठ्या कंपन्यांचे मॅनेजर त्याच्यासाठी लिफ्ट धरून ठेवत. मंडळाच्या कार्यक्रमात त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळू लागली. हळूहळू कंपनीची भाषा त्याच्या घरातही शिरली. नमिताने येताना कोथिंबीर आणायला सांगितली तर तो म्हणे, "कमिट करत नाही, पण पूर्ण प्रयत्न करतो." अकरावीतली ईरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणे, "बाबा, इट्स जस्ट कोथिंबीर."

दुष्काळात प्रतापचं मुख्य काम झालं होतं वाटपाचं. सिंगापूर ठरावीक माल द्यायचं, आणि त्यातला दोह्यात कुणाला किती, हे प्रताप सुचवायचा. आता गंमत अशी, की माल कमी मिळणार हे एकदा कळलं की कुणी खरा आकडा सांगत नाही. ज्याला शंभर हव्यात तो दोनशे मागतो, निम्म्या तरी हाती पडतील म्हणून. हे प्रतापला ठाऊक होतं, आणि प्रतापला ठाऊक आहे हे मागणाऱ्यालाही ठाऊक होतं. तेव्हा प्रतापने नियमच करून टाकला: येईल तो आकडा निम्मा करायचा आणि वर पाठवायचा. शंभरवाल्याला शंभर मिळायच्या. तो "काय हे, निम्म्याच?" म्हणून रुसल्याचं नाटक करायचा, प्रताप "काय करणार, वरूनच टंचाई आहे" म्हणून हळहळल्याचं नाटक करायचा, आणि दोघंही आपापल्या घरी सुखाने जेवायचे. दोह्याचा अंदाज सगळ्यात अचूक येतो, असं सिंगापूरच्या मॅडमनी भर मीटिंगमध्ये म्हटलं. प्रतापने ते घरी सांगितलं, फोन करून नाशिकला सांगितलं आणि मंडळात आपोआप पोचेल अशी व्यवस्था केली.

त्याच्या ग्राहकांत एक जहूर फणसोपकर होता. मूळचा रत्नागिरीचा. इंडस्ट्रियल एरियात त्याचा छोटा कारखाना होता, आणि तिकीट दाखवलं की फिरून माणसाला आत सोडणारी जी लोखंडी गेटं असतात, त्यांच्या आतली इलेक्ट्रॉनिक पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, तो तयार करायचा. त्याची मुलं, म्हणजे कामगार, बिरकत अल अवामेरहून बसने यायची. तो स्वतः मुऐदरला राहायचा. प्रतापची आणि त्याची ओळख मुलींच्या शाळेच्या अ‍ॅडमिशनच्या रांगेत झाली आणि रांग संपायच्या आत मैत्री झाली. तेव्हापासून बरेचसे शुक्रवार दोन्ही घरं एकत्र घालवत. जहूरची बायको खतिजा येताना सांदणं आणायची, प्रतापसाठी वेगळ्या डब्यात तळलेली सुरमई आणायची, आणि नमिता शाकाहारी असल्यामुळे प्रताप ती अंगणात उभा राहून खायचा.

या सुरमईनेही एकदा घोळ घातला होता. ग्राहकाकडून काहीही घेतलं तर कंपनीला कळवावं लागतं. प्रताप नियमाला पक्का. त्याने कंपनीच्या साइटवर लिहिलं: मासा, तळलेला, घरगुती. दोन दिवसांनी वरून विचारणा झाली, ही भेट परत करणं शक्य आहे का? प्रतापने कळवलं, आता नाही.

बाकी घरी धंद्याचं बोलायचं नाही, हे दोघांनी कधी ठरवलं नव्हतं, पण पाळलं कडक. त्यामुळेच ऑगस्टमध्ये जहूरची मागणी आली तेव्हा प्रतापने फोन करून दोन शब्द विचारले नाहीत. मैत्रीत कशाला, असं त्याला वाटलं. इतरांच्या आकड्यांबरोबर त्याने जहूरचाही आकडा निम्मा केला आणि पाठवून दिला.

माल आला आणि जहूर वेस्ट बेच्या ऑफिसात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, खुर्चीच्या काठावर बसलेला. त्याला असं पाहुण्यासारखं बसलेलं पाहून प्रतापलाच अवघडल्यासारखं झालं.

"प्रतापभाऊ, निम्म्याच आल्या," जहूर म्हणाला.

"काय करणार, वरूनच टंचाई आहे," प्रताप सवयीने म्हणाला.

"ते बरोबर. बाकीच्या कधी येतील?"

प्रतापने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जहूरभाई, आता आपल्यात कशाला? खऱ्या किती लागतात, ते सांगा."

जहूरला प्रश्नच कळला नाही. "मागितल्या तेवढ्याच लागतात. गेटं मोजून मागितल्या. वर थोड्या जास्त, एखादी खराब निघाली तर."

"म्हणजे तुम्ही... जेवढ्या हव्यात तेवढ्याच मागितल्यात?"

"मग? वाटप तुमच्या हातात. तुमाला खोटं सांगू काय?"

प्रतापला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. तो कॉफी आणायला म्हणून उठला आणि मशीनपाशी उगीच उभा राहिला.

परत आल्यावर जहूरने सगळं सांगितलं. नोव्हेंबरच्या शेवटी अरब कप होता, वर्ल्ड कपची रंगीत तालीमच ती. रय्यानच्या बाजूच्या एका स्टेडियमची गेटं जहूरकडे होती. पहिल्या मॅचच्या आधी ती सगळी फिरली नाहीत, तर मुख्य कॉन्ट्रॅक्टर काम काढून दुसऱ्याला देणार होता, आणि त्याच्यामागे वर्ल्ड कपची उरलेली गेटंही जाणार होती.

"मग कारखान्यात काय राहिलं?" जहूर म्हणाला. "पोरांना घरी पाठवायचं आणि आपण पण रत्नागिरीची वाट धरायची. इन्शाल्ला होईल काहीतरी. तुमी बघा."

तो इतक्या विश्वासाने "तुमी बघा" म्हणाला, की प्रतापला रात्रीचं जेवण गेलं नाही. जहूरच्या पाटीत दुसऱ्या कंपनीची चिप बसली नसती. तशी बसवायची तर पाटीच नव्याने आखावी लागली असती, आणि तेवढा वेळ नव्हता. प्रतापने सिंगापूरला फोन लावला. आपल्या हातून चूक झाली, एका ग्राहकाचा आकडा खरा होता आणि आपण तो कापला, असं त्याने मॅडमना स्पष्ट सांगितलं. मॅडम हसल्या. दोह्याच्या अंदाजात चूक असते यावर त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी त्या म्हणाल्या, की चूक असेल तर असेल, पण वाटप बंद झालंय, आता जानेवारीत. जानेवारीपर्यंत अरब कप होऊन, गवत पुन्हा वाढून, कापूनही झालं असतं.

"तोंड का असं झालंय?" नमिताने विचारलं.

प्रतापने सगळं सांगितलं. नमिता मटार सोलत होती. ती सोलता सोलता म्हणाली, "मग साठ्यांकडे आहेत की."

"काय आहेत?"

"तुमच्या त्या चिपा. पाहुण्यांच्या खोलीत रचून ठेवल्यात. मृणालिनी केव्हाची वैतागलीय."

देवव्रत साठ्ये म्हणजे पुण्याचे, मंडळाचे अध्यक्ष आणि पार्किंगचे बोर्ड बसवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदीखात्याचे प्रमुख. त्यांच्या बोर्डातही तीच चिप लागायची. त्यांनी दुप्पट नाही, चांगली चौपट मागणी नोंदवली होती, आणि प्रतापने नियमाप्रमाणे निम्मी करूनही त्यांच्याकडे ढीग साचला. त्यात कंपनीच्या गोदामाचा एसी बिघडला. चिपांना दमट हवा चालत नाही, आणि दोह्याचा ऑगस्ट म्हणजे भिंतींनाही घाम फुटतो. देवव्रतरावांनी खोकी अबू हमूरच्या आपल्या व्हिलात आणली आणि पाहुण्यांच्या खोलीत एसी अहोरात्र चालू ठेवला. नेमक्या त्याच सुमारास त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मृणालिनीच्या, आई पुण्याहून आल्या. पहिल्या रात्री त्या स्वेटर आणि कानटोपी घालून त्या खोलीत झोपल्या. दुसऱ्या रात्रीपासून हॉलमधल्या सोफ्यावर.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेयस?" प्रताप म्हणाला.

"मला काय माहीत, तुम्हाला हव्यात ते? घरी धंद्याचं बोलत नाही ना तुम्ही."

प्रताप दुसऱ्याच दिवशी देवव्रतरावांना भेटला. इकडचं तिकडचं बोलून त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, स्टॉक कसा काय आहे?

"स्टॉक?" देवव्रतराव दुखावल्यासारखे म्हणाले. "एक नग शिल्लक नाही. तुम्हीच निम्म्या कापल्यात आमच्या, आणि वर तुम्हीच विचारताय."

आता शिल्लक आहे म्हणायचं तर मागणी फुगवून केली होती, हे कबूल करायचं, आणि तेही चिपा वाटणाऱ्या माणसासमोर. देवव्रतराव कसे करतील? आणि तुमच्या पाहुण्यांच्या खोलीत काय आहे हे मला ठाऊक आहे, असं प्रतापही म्हणू शकत नव्हता, कारण मग मृणालिनीची खैर नव्हती आणि पाठोपाठ नमिताची. त्याने जहूरलाच आडून सुचवून पाहिलं, की एकदा साठ्येसाहेबांना विचारून बघा. जहूर म्हणाला, "ते नाय म्हणालेत ना तुमाला? मग नसतील." एकाकडे आहेत पण सांगता येत नाही, दुसऱ्याला हव्यात पण मागवत नाही, आणि तिसऱ्याला सगळं माहीत असून बोलायची चोरी. प्रताप पार मेटाकुटीला आला. जहूर मात्र दर शुक्रवारी येतच होता. चिपांचा विषयही काढत नव्हता, आणि त्यानेच प्रतापचा जीव जास्त टांगणीला लागत होता.

त्या वर्षी दसरा शुक्रवारी आला. दसऱ्याचं जेवण साठ्यांकडे, हा दोह्यातल्या ओळखीच्या मंडळींचा शिरस्ता. प्रतापने नमिताकरवी मृणालिनीला सांगितलं, की आमच्याबरोबर फणसोपकरही येतील. समोरासमोर आले तर काहीतरी घडेल, एवढीच त्याची आशा. खतिजाची सांदणं येणार म्हटल्यावर मृणालिनी खूशच झाली.

जेवण झकास होतं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. प्रतापने तीन वेळा गाडी फुटबॉलवरून स्टेडियमवर आणि स्टेडियमवरून गेटांवर आणली, आणि तिन्ही वेळा देवव्रतरावांनी ती पुण्याच्या मेट्रोवर नेऊन सोडली. जहूर चुपचाप जेवत होता. नमिताने प्रतापकडे पाहिलं, प्रतापने ताटाकडे पाहिलं. आता उठायचं, सोनं वाटायचं आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. आपट्याची पानं दोह्यात कुठली मिळायला? ईराने हिरव्या कागदाची कापून आणली होती.

हॉलच्या कोपऱ्यात यंत्रांची पूजा मांडलेली होती. देवव्रतरावांचा लॅपटॉप, ड्रिल मशीन, मोजायची टेप, गाडीच्या किल्ल्या, मुलांच्या कंपासपेट्या, सगळ्यांवर हळदकुंकू आणि एकेक झेंडूचं फूल. मंडळी तिथे हात जोडू लागली, तशा मृणालिनीच्या आई सोफ्यावरून उठल्या.

"अहो, इथे काय नमस्कार करताय?" त्या म्हणाल्या. "मुख्य पूजा आत आहे. या, या."

"आई, राहू द्या," देवव्रतराव म्हणाले.

"राहू द्या काय? ज्याच्यावर घर चालतं त्याला सणाच्या दिवशी फूल नको वाहायला?" असं म्हणत आजींनी पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलंसुद्धा.

आतून थंडगार झोत आला. खोलीत पलंगाच्या उंचीपर्यंत खोकी रचलेली होती, प्रत्येक खोक्यावर प्रतापच्या कंपनीचं नाव, आणि नावाच्या बरोबर खाली ठसठशीत कुंकवाचं बोट. वरच्या खोक्याला झेंडूचा हार होता आणि समोर चांदीच्या वाटीत श्रीखंडाचा नैवेद्य होता.

प्रताप, म्हणजे कंपनीचा दोह्यातला अधिकृत प्रतिनिधी, एसीवरचं स्टिकर फार मन लावून वाचू लागला.

"हे आपलं... ऑफिसचं जुनं सामान आहे," देवव्रतराव म्हणाले.

"जुनं कुठलं?" आजी म्हणाल्या. "ऑगस्टात तर आलं. त्याच्यापायी मी सोफ्यावर झोपते ना."

जहूर उंबऱ्यापाशीच थांबला होता. त्याने खोक्यावरचा चिपेचा नंबर वाचला. तो नंबर त्याला पाठ होता. मग त्याने देवव्रतरावांकडे नाही, प्रतापकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्या खेळाचा नियम सगळ्यांना माहीत होता आणि आपल्यालाच कुणी सांगितला नव्हता, असं कळल्यावर माणूस जसा पाहील तसा तो पाहत होता. प्रतापने पुन्हा स्टिकर वाचायला घेतलं.

तेवढ्यात खतिजा पुढे झाली. तिने चपला केव्हाच बाहेर काढल्या होत्या. खोक्यांपाशी जाऊन तिने एकदा नीट निरखलं आणि देवव्रतरावांना म्हणाली, "भावजी, ह्यांना ह्याच लागतात. तुमच्याकडं जास्तीच्या दिसतायत. थोड्या उसन्या द्या. ह्यांच्या आल्या की आणून देऊ."

शेजारणीकडे विरजण मागावं तशी ती बोलली. किती मागवल्यात, का मागवल्यात, नाही का म्हणालात, असं काहीच तिने विचारलं नाही. आणि विरजणाला नाही म्हणायची सवय देवव्रतरावांच्याही घरी नव्हती. त्यांनी सुटकेचा असा काही श्वास सोडला, की एसीच्या आवाजातही तो ऐकू आला.

"अहो, न्या की," ते म्हणाले. "त्यात काय एवढं. आधी सांगायचं ना, जहूरभाई."

"किती लागतील?" मृणालिनीने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पहिलं खोकं उचललं.

"जमतील तेवढी न्या बाई," आजी म्हणाल्या. "मला पलंग तरी मिळेल."

"आणि परत करायची घाई नाही," देवव्रतराव म्हणाले.

"मुळीच नाही," मृणालिनी म्हणाली.

भर दुपारी सगळी मंडळी खोकी उचलून जहूरच्या गाडीत भरू लागली. श्रीखंड खाऊन जड झालेले देवव्रतराव सगळ्यात पुढे होते. एक ग्राहक दुसऱ्याला माल उसना देतो, हे कंपनीच्या नियमात बसतं का, हे प्रतापने कुणाला विचारलं नाही. तो खोकी उचलत होता तेव्हा आपण सुट्टीवर आहोत, असं त्याने मनाशी धरलं. निघताना मृणालिनीने खतिजाच्या हातावर कागदाचं पान ठेवलं आणि म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." प्रतापचा जीव भांड्यात पडला होता. परतताना गाडीत त्याने नमिताला तीनदा सांगितलं, की बघ, होतं सगळं नीट. चौथ्यांदा तिने रेडिओ लावला.

आणि खरंच सगळं नीट झालं. जहूरची मुलं रात्रंदिवस खपली. अरब कपच्या पहिल्या मॅचला प्रताप मुद्दाम ईराला आणि नमिताला घेऊन गेला. तोंडाला मास्क लावलेली, गळ्यात झेंडे घातलेली माणसं लोंढ्याने येत होती, तिकीट दाखवत होती, आणि गेटं एकामागून एक फिरत होती. एकही अडलं नाही. जहूर कडेला पिवळं जाकीट घालून उभा होता. गर्दीतून त्याने हात केला. प्रतापने मॅच फारशी बघितलीच नाही. त्याला आठवत राहिली ती फिरणारी गेटं. चिपांच्या कंपनीत इतकी वर्षं काढून, आपल्या कामाचं काहीतरी डोळ्यांनी बघायला मिळालं असं त्याला पहिल्यांदा वाटलं, आणि त्याचा ऊर भरून आला.

जानेवारीत नव्या वाटपाचे आकडे घ्यायची वेळ आली. या खेपेला प्रतापने मैत्री-बित्री मध्ये आणली नाही. सगळ्यांच्या आधी फोन जहूरला लावला.

"बोला जहूरभाई. वर्ल्ड कपची उरलेली गेटं तुमचीच ना आता? किती लागतील चिपा?"

जहूरने आकडा सांगितला.

प्रतापला गेटं किती ते माहीत होतं. जहूरनेच सांगितलं होतं, दसऱ्यानंतरच्या एका शुक्रवारी, आनंदाने. साठ्यांच्या उसन्या परत करायच्या धरल्या, खराब निघतील त्या धरल्या, तरी सांगितलेला आकडा बरोबर दुप्पट होता.

"एवढ्या लागतील?" त्याने विचारलं.

पलीकडे, मागे कारखान्यात कुणीतरी ठोकत होतं.

"लिहून घ्या, प्रतापभाऊ," जहूर म्हणाला. "तुमी काय ते बघून देताच."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पुढच्याच वाक्यात त्याने ईराच्या परीक्षेचं विचारलं, शुक्रवारी येतोय म्हणाला, खतिजा सुरमई आणतेय म्हणाला, आणि फोन ठेवला.

प्रतापने आकडा लिहून घेतला. जहूर भांडला असता, दोन शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. सगळ्या दोह्यात एक माणूस होता ज्याचा आकडा तसाच्या तसा वर पाठवता आला असता, आणि त्या माणसाला खोटं बोलायला प्रतापनेच शिकवलं होतं. प्रतापला फार वाईट वाटलं. मग त्याने इतरांचा करायचा तसा जहूरचाही आकडा निम्मा केला. तो अगदी बरोबर आला.